अन्न होऊन परतलेली माणसं

जंगलातून जिवंत परत येण्याची पहिली गोष्ट मराठी मुलांना शाळेत जायच्या आधीच सांगितली जाते. एक म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत रान लागतं, रानात वाघ आडवा येतो आणि म्हणतो, तुला खातो. म्हातारीकडे काठीशिवाय काही नसतं. ती वाघाला मारायला जात नाही, देवाचा धावा करत नाही, झाडावर चढत नाही. ती त्याला सरळ हिशेब सांगते: आत्ता माझ्या अंगावर मांस कुठे आहे? लेकीकडे चार दिवस खाऊन-पिऊन येते, मग बघ. वाघाला हिशेब पटतो. परतताना म्हातारी भोपळ्यात बसून निसटते. हीच गोष्ट थोड्याफार फरकाने बंगालीत आहे, फारसीतही आहे.

लहानपणी आपल्याला त्यातला पळणारा भोपळा आवडतो. मोठेपणी मला त्यातली म्हातारी जास्त विलक्षण वाटते. आपण खाण्याजोगे आहोत हे तिला मान्य आहे, आणि त्यात तिला काही अपमानास्पद वाटत नाही. वाघ दुष्ट आहे असंही ती म्हणत नाही. तो भुकेला आहे आणि ती मांस आहे, एवढ्या एका वस्तुस्थितीवर तिची सगळी चलाखी उभी आहे.

मोठ्यांसाठीच्या गोष्टींत ही वस्तुस्थिती सहसा गायब असते. रील्स, माहितीपट, हॉलिवूड, ‘मृत्यूच्या दाढेतून परत’ छापाच्या बातम्या, सगळीकडे मोजमाप एकच: दात किती जवळ आले आणि माणूस किती चिवट निघाला. गेल्या काही वर्षांत या विषयावरचं बरंच वाचल्या-पाहिल्यावर मला वाटायला लागलं की मोजायला हव्यात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत. गोष्ट संपेपर्यंत प्राणी प्राणीच राहतो का? आणि ती गोष्ट सांगायला कोणाला मिळतं? या दोन प्रश्नांवर काही कलाकृती घासून बघू या.

अस्वल आणि सूड

‘द रेव्हनंट’ (2015) बहुतेकांनी पाहिला असेल. पाहिला नसेल तरी त्याच्याभोवतीची चर्चा आठवत असेल: लिओनार्डो दिकाप्रिओने कॅमेऱ्यासमोर खरंच कच्चं लिव्हर खाल्लं, कडाक्याच्या थंडीत नदीत उतरला, आणि अखेर एकदाचं त्याला ऑस्कर मिळालं. चित्रपटाची जाहिरातच सोसण्याची होती. ज्याने जास्त सोसलं तो जिंकला.

मूळ घटना ऑगस्ट 1823 मधली, आजच्या अमेरिकेतल्या साउथ डकोटात, ग्रँड नदीच्या खोऱ्यातली. ह्यू ग्लास हा फरच्या व्यापारासाठी सापळे लावणाऱ्या एका टोळीतला माणूस. पिल्लं सोबत असलेल्या ग्रिझली मादीच्या तो समोर आला आणि तिने त्याला फाडलं. तो आता मरणारच, असं समजून दोन साथीदारांना त्याच्यापाशी ठेवून बाकीचे पुढे गेले. त्या दोघांनी त्याची रायफल आणि सामान उचललं आणि त्याला तिथेच सोडून दिलं. ग्लास मेला नाही. सरपटत, लंगडत, तीनशेहून जास्त किलोमीटर अंतर कापून तो फोर्ट कायोवा या ठाण्यावर पोहोचला. पुढे त्याने त्या दोघांचा माग काढला. दोघांतला एक कोवळा पोरगा होता, त्याला त्याने माफ केलं. दुसरा तोवर सैन्यात भरती झाला होता. त्याच्याकडून ग्लासला त्याची रायफल परत मिळाली आणि प्रकरण तिथेच संपलं. कोणी कोणाचा खून केला नाही.

चित्रपटात मात्र ग्लासला पॉनी जमातीच्या बायकोपासून झालेला एक मुलगा आहे आणि मागे थांबलेला साथीदार त्या मुलाला मारतो. असा मुलगा असल्याचा इतिहासात पुरावा नाही. तो पटकथेने घडवला, कारण रायफलीसाठी माणूस तीनशे किलोमीटर येतो हे प्रेक्षकाला पुरेसं वाटणार नाही. सूड लागतो, सुडासाठी खलनायक लागतो, आणि एकदा खलनायक मिळाला की अस्वल केवळ पहिल्या अंकातला अपघात होऊन बसतं.

याचं वाईट वाटतं, कारण खुद्द हल्ल्याचा प्रसंग चित्रपटातला सगळ्यात प्रामाणिक भाग आहे. मादी येते, त्याला झोडपते, हुंगते, पिल्लांकडे परत जाते, तो हलला की पुन्हा येते. तिच्या हालचालींत राग म्हणून काही नाही. धोका संपला की नाही, एवढंच ती तपासून बघते आहे. त्या काही मिनिटांपुरता चित्रपट माणसाच्या बाजूचा राहत नाही, आणि म्हणूनच अंगावर येतो. नंतर ग्लास त्याच अस्वलाचं कातडं पांघरून उरलेला चित्रपट चालतो. अस्वलाचं कातडं उरतं, अस्वल उरत नाही.

आता दुसरा प्रश्न. ग्लासने या घटनेची स्वतः लिहिलेली हकीकत आपल्यापर्यंत आलेली नाही. ती पहिल्यांदा छापली गेली 1825 मध्ये, फिलाडेल्फियाच्या ‘द पोर्ट फोलिओ’ या मासिकात, आणि लिहिली जेम्स हॉल नावाच्या वकिलाने. 1833 मध्ये ग्लास मारला गेला. म्हणजे या प्रकारातली सगळ्यात गाजलेली गोष्टही पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच कोणीतरी सांगितलेली आहे.

प्राण्याला शत्रू करणं ही एक वाट झाली. त्याला मित्र करणं ही दुसरी, आणि तीही फार दूर नेत नाही. वेर्नर हेरझोगच्या ‘ग्रिझली मॅन’ (2005) या माहितीपटातला टिमोथी ट्रेडवेल तेरा उन्हाळे अलास्कात अस्वलांजवळ राहिला. त्यांना नावं दिली, त्यांच्याशी लाडात बोलला. ऑक्टोबर 2003 मध्ये अस्वलाने त्याला आणि त्याच्या मैत्रिणीला मारून खाल्लं. कॅमेऱ्याच्या लेन्सवर झाकण होतं, पण आवाज रेकॉर्ड झाला. हेरझोग ते रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकतो, आपल्याला ऐकवत नाही, आणि ते जपणाऱ्या बाईला सांगतो की हे नष्ट कर. मला हा संपूर्ण माहितीपटातला सगळ्यात मोठा टीकात्मक निर्णय वाटतो. जो परतला नाही त्याच्या किंकाळीवर आपला हक्क नाही, हे दिग्दर्शकाने एका कृतीतून ठरवून टाकलं. मग जो परतला त्याच्या आवाजाचं काय?

मगरीचा दोष नसलेला अहवाल

व्हॅल प्लमवुड ऑस्ट्रेलियातली तत्त्वज्ञ. फेब्रुवारी 1985 मध्ये, पावसाळ्यात, ती उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात छोटी होडी घेऊन एकटीच निघाली होती. पाण्यावर तरंगणारी एक काटकी तिला दिसली, आणि जवळ गेल्यावर त्या काटकीला डोळे होते. खाऱ्या पाण्यातल्या मगरीने होडीला धडका दिल्या. काठावरच्या झाडावर तिने उडी मारली, तर मगरीने तिला हवेतच पकडून पाण्यात खेचलं आणि गरगर फिरवलं. मगरीला चावून खाता येत नाही. ती भक्ष्याला धरून स्वतःभोवती फिरते, बुडवते, फाडते. प्लमवुडने अशा तीन फेऱ्या सोसल्या, प्रत्येक वेळी फांदी धरली, आणि शेवटी चिखलाच्या निसरड्या काठात बोटं रुतवून वर आली. पायाच्या चिंध्या झाल्या होत्या. चालत आणि मग सरपटत ती वनरक्षकाला सापडेल अशा जागी पोहोचली.

बातमीदारांना काय हवं होतं ते उघड होतं. राक्षसी मगर, एकटी बाई, कोणीतरी मर्द येऊन सोडवणार. ‘क्रोकोडाइल डंडी’ याच सुमारास आला, आणि त्यात मगरीच्या तोंडून नायिकेला नायक वाचवतो. प्लमवुडला स्वतःच्या गोष्टीचं हे होऊ द्यायचं नव्हतं. तिने जवळजवळ दहा वर्षं घेतली आणि मग ‘बीइंग प्रे’ हा निबंध लिहिला. 2008 मध्ये ती वारली. त्यानंतर 2012 मध्ये ‘द आय ऑफ द क्रोकोडाइल’ या पुस्तकात तो इतर लेखनासोबत आला.

निबंध वाचताना मला माझ्या कामातला एक लेखनप्रकार सतत आठवत राहिला. सॉफ्टवेअरमध्ये मोठी सिस्टम कोसळली की नंतर ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ लिहितात. त्यात तीन गोष्टी लागतात. क्रमवार काय घडलं. त्या त्या क्षणी माणसाने काय गृहीत धरलं होतं. आणि कोणालाही गुन्हेगार न ठरवता, यातून या यंत्रणेबद्दल काय कळलं. चांगला पोस्टमॉर्टेम वाचला की समजतं, बिघाड एका चुकीच्या बटणात नव्हता, आपण सिस्टमचं जे चित्र डोक्यात धरलं होतं त्यातच होता.

प्लमवुडचा निबंध नेमका हेच करतो. तिने कोणत्या खुणांकडे दुर्लक्ष केलं, जमिनीचे मूळ मालक असलेल्या आदिवासींना विचारायला हवं होतं ते कसं राहिलं, हे ती स्वतःला न झोडता नोंदवते. मग ती गृहीतकाकडे येते. मगरीने पकडल्यावर तिच्या मनात पहिली प्रतिक्रिया उमटली ती अविश्वासाची: हे खरं नाही, हे माझ्याबाबतीत होऊच शकत नाही. आपण एक पूर्ण माणूस आहोत, विचार आहेत, नाव आहे, अर्धवट राहिलेली कामं आहेत, आणि समोरच्याच्या लेखी आपण फक्त मांस आहोत. हा धक्का तिला दातांपेक्षा मोठा वाटतो. तिच्या मते पाश्चात्त्य संस्कृतीने माणसाला अन्नसाखळीच्या बाहेर, वर नेऊन बसवलं आहे. तो सगळ्यांना खातो, त्याला कोणी खात नाही. मेल्यावरही मजबूत शवपेटी आणि वर दगड, म्हणजे किड्यांनाही मिळू नये.

इथे वाचता वाचता मुंबईचा मलबार हिल आठवतो. तिथल्या दोखम्यात पारशी समाज शतकानुशतकं आपले मृतदेह गिधाडांना देत आला. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडं संपत आली आणि ती रीत अडचणीत सापडली. म्हणजे स्वतःला अन्न म्हणून देऊ करणारी माणसं होती, खाणारेच उरले नाहीत. प्लमवुडच्या सिद्धान्ताला आपल्या दारातलं याहून नेमकं उदाहरण मिळणार नाही.

पोस्टमॉर्टेमच्या शेवटी ‘पुढे काय करायचं’ याची यादी असते. प्लमवुडच्या यादीत पहिली गोष्ट होती: जाऊन कोणतीही मगर मारू नका. वनरक्षक मगर मारायला निघण्याच्या बेतात होते, तिने जखमी अवस्थेतच विरोध केला. घुसखोर मी होते, असं तिचं म्हणणं. प्राण्याला प्राणीच राहू देणं म्हणजे काय, याचं हे उत्तर आहे. तिच्या गोष्टीतली मगर शेवटपर्यंत मगर आहे. तिच्या डोळ्यांचा सोनेरी रंगही प्लमवुडला आठवतो, पण ती त्या डोळ्यांत माया किंवा द्वेष शोधत बसत नाही.

चेहरा कोणाचा

नस्तास्या मार्तां (जन्म 1986) ही फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ. रशियाच्या पूर्व टोकाला कामचाट्कात ती एव्हेन जमातीसोबत राहून अभ्यास करत होती. ऑगस्ट 2015 मध्ये डोंगरातून परतताना अस्वलाशी तिची गाठ पडली. दोघंही दचकले. अस्वलाने तिच्या चेहऱ्याचा चावा घेतला आणि जबड्याचा तुकडा नेला. तिने हातातली बर्फाची कुऱ्हाड मारली, आणि ते निघून गेलं. 2019 मध्ये तिचं छोटं पुस्तक आलं. फ्रेंच शीर्षकाचा अर्थ साधारण ‘श्वापदांवर विश्वास’ असा आहे. इंग्रजी अनुवादाचं नाव ‘इन द आय ऑफ द वाइल्ड’. प्लमवुडच्या पुस्तकातही डोळा, इथेही डोळा. कोणीतरी आपल्याकडे अन्न म्हणून पाहिलं, याभोवतीच दोन्ही पुस्तकं फिरतात.

मार्तांचं पुस्तक सुरूच होतं हल्ल्यानंतर. खरा हल्ला पुढे ऑपरेशन टेबलवर चालू राहतो. रशियन डॉक्टरांनी जबड्यात बसवलेली धातूची पट्टी फ्रेंच डॉक्टरांना पसंत पडत नाही. आपला जबडा रशिया आणि फ्रान्स यांच्या वैद्यकीय शीतयुद्धाचं मैदान झाल्याचं ती कडवट विनोदाने लिहिते. ही पानं मला पुस्तकातली सर्वोत्तम वाटतात, कारण जंगलातून वाचलेल्या माणसाचं खरं सर्व्हायव्हल दवाखान्यात, आरशासमोर आणि नातेवाईकांच्या नजरेसमोर असतं. तो भाग चित्रपटात कधी येत नाही.

एव्हेन लोकांकडे तिच्यासारख्यांसाठी एक शब्द आहे: ‘मेदका’. अस्वलाने खूण केलेलं, अर्धं माणूस आणि अर्धं अस्वल झालेलं कोणीतरी. काही लोक अशा माणसाला टाळतात. मार्तांला या शब्दाचं आकर्षण वाटतं आणि तिथेच पुस्तक निसरड्या वाटेवर जातं. हल्ल्याआधीही अस्वलं तिच्या स्वप्नांत येत होती, एव्हेन मित्र तिला आधीपासून अस्वलीण म्हणत होते, म्हणजे ही भेट ठरलेलीच होती, असा सूर लागतो. लेखिका हुशार आहे. ती या अर्थाला पूर्ण शरण जात नाही, पण त्याला सोडतही नाही. प्लमवुडच्या मगरीला प्लमवुडबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. मार्तांच्या अस्वलाला मात्र मार्तांसाठी निरोप आणावा लागतो. धुक्यातून येताना दचकलेल्या एका प्राण्यावर हे ओझं जास्त आहे असं मला वाटतं.

तरी तिच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ‘मेदका’ हा शब्द एका समाजाकडे आहे, याचा अर्थ वाचलेल्या माणसाचं काय करायचं याचा त्या समाजाने विचार केला आहे. आपल्याकडेही अशा रीती आहेत. पालघर-ठाण्यापासून नाशिक-नगरच्या डोंगरांपर्यंत वारली, महादेव कोळी, ठाकर वाघोबाला पुजतात, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. या वाघोबात बिबट्याही येतो. हा करार आहे, भोपळ्यातल्या म्हातारीच्या करारासारखाच: तू आहेस, मीही आहे, मध्ये काहीतरी हिशेब ठरवू. पण वाचलेल्या बाईसाठी, जिचा गाल फाटला किंवा हात गेला, आपल्या प्रमाण मराठीत शब्द काय? ‘गंभीर जखमी’.

जिचा आवाज गेला

जिम कॉर्बेटचं ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ (1944) मराठीत अनेक पिढ्यांनी वाचलं आहे. कॉर्बेटकडे शिकारी म्हणून बघून त्याला निकालात काढणं सोपं आहे, पण ते चूक ठरेल. वाघ नरभक्षक का होतो याचं कारण त्याने प्राण्याच्या शरीरात शोधलं: जुन्या जखमा, म्हातारपण, मोडलेले दात. 1907 मध्ये त्याने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने 436 माणसं मारल्याचं तो सांगतो. तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे मोडलेले होते, कोणाच्या तरी जुन्या गोळीने. त्याचीही वाघीण शेवटपर्यंत प्राणीच आहे. पहिल्या प्रश्नावर कॉर्बेट उत्तीर्ण होतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी त्याच प्रकरणातली एक बाई बघा. ती आणि तिची बहीण गवत कापायला गेल्या होत्या. वाघिणीने बहिणीला उचललं. ही हातातला विळा उगारत, बहिणीला सोड आणि मला घे असं ओरडत वाघिणीच्या मागे धावली. वाघिणीने बहिणीला खाली ठेवलं आणि हिच्याकडे वळली. ही जीव घेऊन पळाली आणि गावात पोहोचली. तिथे लोकांच्या लक्षात आलं की हिची वाचा गेली आहे. पुढे कॉर्बेट वाघिणीचं कातडं घेऊन तिच्या दारात येतो, ते दाखवतो, आणि तिला वाचा फुटते. नवऱ्याला, गावाला ती हाका मारत सुटते: या, साहेबाने काय आणलंय बघा.

कॉर्बेट हे मनापासून आनंदाने सांगतो आणि त्याच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण मजकूर काय करतो ते बघण्यासारखं आहे. वाघिणीच्या मागे विळा घेऊन धावणारी ही बाई माझ्या माहितीतल्या या सगळ्या साहित्यातली सगळ्यात धाडसी व्यक्ती आहे. चंपावतच्या वाघिणीचा पाठलाग बंदुकीशिवाय करणारी. ती वाचली, परत आली, आणि तिची हकीकत मात्र आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळते. तिचा आवाज परत येतो तो कातड्यासोबत, आणि पहिली हाक असते साहेबाने काय आणलं याची. धावताना तिला काय दिसलं, वाघीण वळली तेव्हा काय वाटलं, नंतरचे मुके दिवस कसे गेले, हे त्या पुस्तकात नाही. तिला कोणी विचारलं असतं तर आपल्याकडे प्लमवुडच्या कितीतरी आधीचा ‘बीइंग प्रे’ असता.

वाकून करायचं काम

हे सगळं दूरचं वाटत असेल तर पूर्व विदर्भाकडे बघा. चंद्रपूर, गडचिरोली भागात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचली जातात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला जातो. पहाटे, वाकून किंवा उकिडवं बसून करायचं हे काम, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने असतात. वाघांची संख्या याच भागात भरपूर आहे. वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या सावजासारखा दिसू शकतो, हे अभ्यासक सांगत आले आहेत. म्हणून वनविभाग सांगतो: गटाने जा, आवाज करत जा.

आता मोबाइलवर फिरणाऱ्या सल्ल्यांच्या याद्या आठवा. वाघ-बिबट्या दिसला तर पळू नका, पाठ दाखवू नका, ताठ उभं राहा, हात पसरून मोठे दिसा, हळूहळू मागे सरका. सल्ला बरोबरच आहे. पळणाऱ्याच्या मागे धावणं हे शिकारी प्राण्याच्या अंगातच असतं. पण ही यादी ज्याला जंगलात ताठ उभं राहण्याची मुभा आहे त्याच्यासाठी लिहिलेली आहे. मोहफूल ताठ उभं राहून वेचता येत नाही. सफारीच्या जिप्सीत बसलेला माणूस आणि टोपली घेऊन वाकलेली बाई एकाच जंगलात असतात, पण सर्व्हायव्हलचं साहित्य पहिल्याच्या सोयीने तयार होतं.

इथे प्लमवुडवरही एक आक्षेप घ्यावा लागतो. आपण अन्न आहोत हे स्वीकारणं ही एका तत्त्वज्ञ बाईसाठी मोठी झेप होती, कारण ती स्वतःच्या इच्छेने, सुट्टीवर, होडी घेऊन गेली होती. तेंदूपत्ता तोडणारीला हे तत्त्वज्ञान शिकवायला कोणी जाऊ नये. ती ते रोज पहाटे सोबत घेऊन जाते. वाघाला मारू नका हे तिने म्हणावं अशी अपेक्षा करण्याचा अधिकारही शहरात बसून हे वाचणाऱ्यांना नाही, मलाही नाही. प्लमवुडने मगरीला माफ केलं कारण तिला उद्या पुन्हा त्याच पाण्यात पोटासाठी उतरायचं नव्हतं. असं असूनही त्या निबंधाची पद्धत मला मोलाची वाटते: काय घडलं, आपण काय गृहीत धरलं होतं, आणि हे सांगणार स्वतः मी.

मराठीत अरण्यलेखनाची परंपरा लहान नाही. व्यंकटेश माडगूळकर आहेत, मारुती चितमपल्ली आहेत. पण ते मुख्यतः पाहणाऱ्याचं साहित्य आहे. चितमपल्ली स्वतः वनाधिकारी होते, दीर्घकाळ जंगलात राहिले, पक्ष्या-झाडांची नावं त्यांनी मराठीला दिली. वाघाने ज्याच्याकडे पाहिलं त्याचं साहित्य वेगळं, आणि ते आपल्याकडे जवळजवळ फक्त पंचनाम्यांत पडून आहे. तारीख, वेळ, कक्ष क्रमांक, जखमांचं वर्णन, सही किंवा अंगठा. पंचनामा तृतीय पुरुषात लिहिला जातो आणि नुकसानभरपाईसाठी तो तसाच हवा. पण एका माणसाला प्राण्याच्या दातातून परत आल्यावर भाषेत मिळणारी ती एकमेव जागा असू नये.

यावर मोठा प्रकल्प वगैरे लागत नाही. फोनमध्ये रेकॉर्डर आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या ज्या मुलामुलींची आजी, मावशी, शेजारीण अशी परत आली आहे, त्यांनी ती तयार असेल तेव्हा समोर बसावं, आणि वाघाऐवजी आधी तिच्या पहाटेबद्दल विचारावं: किती वाजता निघालीस, सोबत कोण होतं, टोपली किती भरली होती. मग ती जिथे थांबेल तिथे थांबावं, तिला नको असेल ते गाळावं. आणि उतरवताना तिची झाडीबोली तशीच ठेवावी, प्रमाण मराठीत सपाट करू नये. असा एक मजकूर कोणत्याही वेबझीनमध्ये आला, तर वर ज्यांच्याबद्दल मी एवढं लिहिलं त्या सगळ्या पुस्तकांच्या आधी मी तो वाचायला घेईन.